झोपल्यावर वाढतं का?

जानेवारीतल्या तीन रात्री मी पेटीवर डोकं टेकून काढल्या. पेटी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी, एका बाजूचा भाता जरा फाटलेला. तिच्या झाकणावर दोन उशा, उशांवर कपाळ, अंगावर रजई. आडवं झालं की छातीच्या मधोमध सुरी फिरायची आणि मानेपासून डाव्या खांद्यापर्यंतचा उतार भरून यायचा. उठून पुढे वाकलं की दुखणं ओसरायचं. असं का होतं ते मला माहीत नव्हतं. शरीराला माहीत होतं, आणि ते मला पेटीपाशी घेऊन जात होतं.

डिसेंबरात ग्वाल्हेरातल्या हजिऱ्याला तानसेन समारोहात दोन रात्री बसले होते. ढोलीबुवांच्या मठाच्या हरिकथेनं तो सुरू होतो, त्या सकाळीही गेले होते. ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना उघड्या मांडवातली रात्र वेगळी सांगायला नको. नंतर ताप आला, घसा धरला, अंग मोडून आलं. आठवड्यात बरं वाटलं. मग दहा-बारा दिवसांनी, तिळगुळाचा पाक करत असताना, छातीत पहिली कळ आली.

घरात सगळ्यांचं एकमत, गॅस. सासूबाईंनी ओवा आणि सैंधव दिलं. नवऱ्यानं गरम पाण्याची पिशवी दिली. ‘थंडी बाधली’ असंही झालं. थंडीचा त्यात हात नव्हता. ताप ज्या विषाणूचा होता, त्याच्याशी लढायला उठलेल्या शरीरानं वाटेत हृदयाभोवतीची पिशवी सुजवून ठेवली होती. पण ते पुढे कळलं.

मी गाणं शिकवते. दौलतगंजातल्या घरात सकाळी खर्ज लावून बसते, संध्याकाळी मुली येतात. तिसऱ्या दिवशी पहाटे मी षड्जासाठी श्वास घेतला आणि तो अर्ध्यावर अडला. खोल श्वास घेतला की कळ, सोडताना जरा कमी. ग्वाल्हेरचं गाणं हे दमसासाचं गाणं. इथे हस्सू खाँसाहेबांची आख्यायिका प्रत्येक शिष्याला सांगितली जाते: एक अवघड तान दुसऱ्यांदा घेताना त्यांच्या बरगडीला इजा झाली आणि त्यातच ते गेले. लहानपणी मला तिची फार भीती वाटायची. त्या पहाटे ती आख्यायिका छातीत येऊन बसली आणि मी नवऱ्याला हाक मारली.

जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला. कागदाकडे बघून तिथले डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक आहे, लगेच हलवा. नवऱ्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. गाडीत मी एकच हिशेब करत होते. मला सेहेचाळीसावं चालू आहे, अण्णा सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. माझी मुलगी सोळाची आहे. अण्णा गेले तेव्हा मी तेरा वर्षांची होते. म्हणजे तिला माझ्यापेक्षा तीन वर्षं जास्त मिळाली.

मोठ्या रुग्णालयात स्ट्रेचरवर आडवं व्हायला मी तयार होईना. गुडघ्यांना मिठी मारून, पुढे वाकून बसले. नर्स रागावली. कोपऱ्यात उभे असलेले वयस्कर डॉक्टर मात्र माझ्या बसण्याकडेच बघत होते. जवळ येऊन त्यांनी विचारलं, ‘‘लेटने पर बढ़ता है?’’ मी मान हलवली. ‘‘और ऐसे बैठने पर आराम?’’ पुन्हा मान हलवली. महिनाभरात ताप येऊन गेला होता का, हा तिसरा प्रश्न. त्या तीन प्रश्नांत माझं निम्मं निदान झालं होतं. यंत्रं नंतर आली.

मग त्यांनी मला आणखी पुढे वाकवलं, श्वास पूर्ण सोडून थांबायला सांगितलं आणि छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला स्टेथोस्कोप दाबून धरला. बराच वेळ ऐकलं. मी काय करते हे त्यांनी विचारलं होतं, म्हणून असेल, नळ्या माझ्या कानात देऊन म्हणाले, ‘‘सुनिए, आपको समझेगा.’’

मी ऐकलं. ठोक्यांच्या वरून एक करकर चालली होती, नवी कोल्हापुरी पायात घालून कुणी माजघरातून चालावं तशी. आणि ती एकसारखी नव्हती. प्रत्येक ठोक्यात तिचे तीन तुकडे होते, दोन जवळजवळ आणि एक जरा सुटा. हृदय आकुंचन पावतं तेव्हा एक, सैल पडतं तेव्हा दुसरा, आणि वरचे कप्पे शेवटचं रक्त खाली ढकलतात तेव्हा तिसरा. हृदयावरच्या आवरणाचे दोन पदर असतात, मध्ये वंगणासारखा जेमतेम काही चमचे द्रव. पदर सुजले की खरखरीत होतात आणि एकमेकांवर घासतात. तो घासण्याचा आवाज मी ऐकत होते. आयुष्यभर सुरांवर कान ठेवून बसलेल्या बाईला स्वतःच्या छातीतला आवाज असा ऐकायला मिळाला, याचं मला त्या भीतीतही नवल वाटलं.

पेरिकार्डायटिस. हृदयाच्या आवरणाची सूज.

ईसीजीचा घोटाळाही त्यांनी उलगडून दाखवला, आणि तो इथे लिहिते कारण तो कुणाच्याही वाट्याला येऊ शकतो. झटका येतो तेव्हा एखादी धमनी बुजलेली असते. तिच्या वाट्याचा स्नायू उपाशी पडतो आणि कागदावर तेवढ्याच भागाच्या रेघा उचललेल्या दिसतात, समोरच्या बाजूच्या रेघा बहुधा खाली जातात. माझ्या कागदावर जवळजवळ सगळ्याच रेघा वर होत्या, खोगिरासारख्या मध्ये खोलगट, आणि त्यांच्या आधीचा छोटा तुकडा खाली दबलेला. आवरण सगळीकडून सुजलेलं, म्हणून खूणही सगळीकडे. पहिल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. छातीत दुखणाऱ्या माणसाला आधी झटका समजून धावपळ करणं हेच बरोबर. घरी बसून ओवा खाणं चूक होतं, आणि ती चूक आमची होती.

रक्तातलं ट्रोपोनिन ठीक आलं, म्हणजे सूज आवरणापुरती होती, स्नायूत उतरली नव्हती. स्नायूत उतरली की तिला मायोकार्डायटिस म्हणतात आणि प्रकरण अवघड होतं. तेव्हा एमआरआय लागतो, बहुधा तीन ते सहा महिने खेळ-व्यायाम बंद ठेवावे लागतात, कारण सुजलेल्या स्नायूला दमवलं तर ठोक्यांची लय जीवघेणी बिघडू शकते. इकोत माझ्या आवरणात थोडं पाणी दिसलं. ते भराभर वाढलं तर हृदय बाहेरून दाबलं जातं, त्याला भरायला जागा उरत नाही, आणि मग सुईनं पाणी काढण्याशिवाय मार्ग नसतो. माझं तेवढं नव्हतं.

पुढचा अर्धा तास ते क्षयाबद्दल विचारत होते. संध्याकाळचा ताप? वजन उतरलं? घरात कुणाला खोकला? एक्स-रे झाला. श्रीमंत देशांत अशी सूज बहुतेक वेळा विषाणूवर टाकून मोकळं होतात, आपल्याकडे क्षय विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. क्षयानं आवरण जाड होऊन हृदयाला कवचासारखं आवळून धरलेले रोगी त्यांनी पाहिले होते. थायरॉइडही तपासला, कारण तो मंदावला तरी हृदयाभोवती पाणी साचतं. दोन्ही बाजू स्वच्छ निघाल्या.

औषध दोनच. आयबुप्रोफेन भरपूर मात्रेत, पोट सांभाळायच्या गोळीसोबत, अंगातली सूज रक्तात दाखवणारा सीआरपी उतरत जाईल तसं दर आठवड्याला कमी करायचं. आणि कॉल्चिसिन, अर्धा मिलिग्रॅमची चिमुकली गोळी, तीन महिने. ओळखीच्या एकांनी सुचवलं, स्टिरॉइड घ्या, दोन दिवसांत मोकळ्या व्हाल. डॉक्टरांनी ठाम नकार दिला. स्टिरॉइडनं आराम लवकर पडतो, पण अशा रोग्यांत दुखणं पुन्हा उलटायचं प्रमाण वाढतं. एरवीसुद्धा शंभरातल्या पंधरा ते तीस जणांना ते पुन्हा गाठतं. कॉल्चिसिननं हा धोका निम्म्यावर येतो. इटलीच्या मास्सिमो इमात्सिओ यांनी २००५ पासून एकामागून एक चाचण्यांत हे दाखवलं. त्याआधी ते मुख्यतः गाउटचं, म्हणजे युरिक अ‍ॅसिडनं सांधे सुजतात त्या दुखण्याचं, औषध होतं.

त्या गोळीचं मूळ वाचून मी चकित झाले. युरोपात ती एका शरद ऋतूत फुलणाऱ्या कंदाची. पण तेच द्रव्य आपल्या कळलावीत असतं. कुलदेवतेला कोकणात जातो तेव्हा श्रावणात कुंपणांवर ती ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं मी कितीदा पाहिली आहेत. आत्या हात लावू द्यायची नाही. कळा लावणारी म्हणून कळलावी, अडलेल्या बाळंतिणीसाठी जुन्या सुइणी तिचा कंद वापरत, आणि तीच वनस्पती माणूस मारायलाही पुरेशी. औषध आणि विष यांच्यातलं अंतर कॉल्चिसिनमध्ये फार थोडं आहे. म्हणून कळकळीनं सांगते, झाडपाला म्हणून कुणी तिच्या वाटेला जाऊ नये, आणि गोळी चालू असताना दुसरं कुठलंही औषध, अगदी घशासाठीचं अँटिबायोटिकही, डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. काही अँटिबायोटिकं ती शरीरात साचवून ठेवतात.

चौथ्या रात्री मी आडवी झोपले. पेटीवरच्या उशा काढल्या. दहाव्या दिवशी सीआरपी खाली आला. डॉक्टर म्हणाले, आकडे पूर्ण उतरेपर्यंत तान नाही, जिना चढणं नाही. मंद्रात हळूहळू गुणगुणायची मुभा मिळाली.

इथे हे लिखाण संपलं असतं. दुखलं, कळलं, बरं झालं. पण रक्ताच्या त्याच अहवालात, शेवटच्या पानावर, कुणी न मागितल्यासारख्या चार ओळी होत्या. एकूण कोलेस्टेरॉल २८१, चांगलं म्हणतात ते एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड २०५, वाईट म्हणतात ते एलडीएल १९६. घरी आल्यावर त्या कुणी वाचल्याही नाहीत. माझ्या दुखण्याशी त्यांचा संबंध नव्हता, आणि आम्ही सगळे दुखण्याच्या मागे होतो.

दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी त्या पानावर बोट ठेवलं. वडिलांचं विचारलं. मी सांगितलं, १९९१ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, सकाळी ऑफिसला निघताना. त्यावर ते म्हणाले, ‘‘ज़रा पैर दिखाइए.’’

छाती दाखवायला गेलेल्या मला त्यांनी चप्पल काढायला लावली आणि टाचेच्या वरची ती दोरीसारखी शीर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी कंडरा, अंगठा आणि बोटात धरून चाचपली. मग दुसऱ्या पायाची. वडिलांची टाच आठवते का, असं विचारलं.

आठवते. मला अण्णांचा आवाज नीट आठवत नाही, याचं मला फार दुःख आहे, पण टाच आठवते. अण्णा एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयात, होते. त्यांचे बूट नेहमी मागून दुमडलेले असत, सपातासारखे घातलेले. आई वैतागायची, नवे बूट महिन्याभरात खराब करतात म्हणून. टाचेमागे त्यांना जाड गाठीसारखं काही होतं, बूट तिथे घासायचा. आणि डोळ्यांच्या बुबुळांभोवती एक पांढुरकं कडं होतं. लग्नाच्या रौप्यमहोत्सवासाठी म्हणून महाराज बाड्यावरच्या स्टुडिओत काढून ठेवलेल्या फोटोत ते अजून दिसतं. तो रौप्यमहोत्सव झाला नाही. आम्हा भावंडांना ते डोळे सुंदर वाटायचे.

त्या गाठीही कोलेस्टेरॉलच्या, ते कडंही कोलेस्टेरॉलचं. अण्णांच्या शरीरानं ते आम्हाला दाखवून ठेवलं होतं. वाचता येणारं कुणी नव्हतं, आणि वाचलं असतं तरी त्या काळी हातात फार थोडं होतं.

एलडीएल रक्तातून उचलून घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर दारं असतात. अमेरिकेत मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७०च्या दशकात ती शोधली, १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. काही घराण्यांत या दाराचा नकाशाच जन्मतः चुकलेला असतो. आईकडून एक, वडिलांकडून एक अशा दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असली तरी दारं निम्मी. एलडीएल मग जन्मापासून रक्तात फिरत राहतं, धमनीच्या भिंतीत शिरतं, संरक्षक पेशी ते गिळून गिळून फुगतात आणि तिथे सूज धरते. तीच सूज, दुसऱ्या ठिकाणची. फरक इतकाच की ती करकरत नाही. दर अडीचशे माणसांत सुमारे एकाला हा वारसा असतो. औषध न घेतलेल्या अशा पुरुषांपैकी निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो, बायकांपैकी सुमारे तीस टक्क्यांना साठीच्या आत.

बरं, १९६ हाही खरा आकडा नव्हता. अंगात मोठी सूज असते तेव्हा एलडीएल खोटंच खाली दिसतं. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलं. एकूण ३०२, एलडीएल २२८.

मी खाण्याची पथ्यं पाळते. जानेवारीतली गजक, बहादुराचे लाडू, रविवारची बेडई-जलेबी, सगळ्याला हात आखडला आहे. पण पथ्यानं एवढा आकडा उतरत नाही, कारण बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं. शेजारच्या काकूंनी अर्जुनाची साल आणली, लसूण सोलून दिला. त्यांचं प्रेम मला कळतं आणि लसूण मी भाजीत घालते. गोळी मात्र गोळीच्या जागी. आपल्याकडे स्टॅटिनविषयी, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीविषयी, एक विचित्र लाज आहे, एकदा सुरू केली की सुटत नाही, म्हणून सुरूच करायची नाही. चष्माही सुटत नाही. मला हे बोलणं ऐकवत नाही, कारण अण्णांच्या वेळी ती गोळी आमच्या घरापर्यंत पोहोचलीच नव्हती. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासल्या आणि १९७३ साली क्योटोतल्या तांदळावरच्या बुरशीत पहिलं स्टॅटिन मिळवलं. अमेरिकेत पहिली गोळी बाजारात आली १९८७ साली. तिनं प्राण वाचतात हे निर्विवाद सिद्ध करणारी ४,४४४ रोग्यांची स्कँडिनेव्हियातली चाचणी छापून आली १९९४ साली. अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली होती. हे साल मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

कॉल्चिसिन आणि स्टॅटिन दोन्ही स्नायूंना त्रास देऊ शकतात, म्हणून डॉक्टरांनी तीन महिने पुरे होऊ दिले, मग रोझुवास्टॅटिन सुरू केलं. एवढी वर्षं साचलेलं आहे, काही आठवड्यांनी बिघडत नाही, म्हणाले. ती गोळी यकृताला कोलेस्टेरॉल बनवू देत नाही, यकृताला ते कमी पडतं आणि ते उरलीसुरली दारं वाढवून रक्तातून ओढून घेतं. दीड महिन्यात आकडा १०६ वर आला. इझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडल्यावर ८४. आमच्यासारख्यांसाठी तो ७० च्या खाली हवा, त्याच्या मागे आहोत.

जाता जाता, मी डॉक्टरांना विचारलं होतं, कॉल्चिसिननं आवरणाची सूज उतरते, तर धमनीची का नाही? त्यांना प्रश्न आवडला. हा विचार जगात चालू आहे, म्हणाले. अमेरिकेत २०२३ साली छोट्या मात्रेला त्यासाठी परवानगीही मिळाली, आणि पुढच्याच वर्षी एका मोठ्या चाचणीत झटक्यानंतर लगेच देऊन फायदा दिसला नाही. ‘‘अभी रुकिए,’’ एवढंच.

हा वारसा मुलांकडे जाण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते. मुलीला घेऊन गेले तेव्हा ती मला धीर देत होती. तिचं एलडीएल १७८ निघालं. मी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून राहिले. तिनं माझ्या हातातून कागद घेतला आणि विचारलं, ‘‘पण आता कळलंय ना?’’ तिची छोट्या मात्रेची गोळी सुरू आहे. पुढे कधी मूल हवं असेल तेव्हा आधी डॉक्टरांना विचारायचं, हेही तिनं स्वतःच्या वहीत लिहून ठेवलं आहे.

राहिला दादा. तो पुण्याला असतो, बावन्न वर्षांचा, दोन मुलगे. मी फोनवर सांगितलं तेव्हा तो हसला. सकाळी पाच किलोमीटर चालतो, मला काही होत नाही, आणि अण्णांचं वय मी कधीच ओलांडलं. मी भांडले. तो म्हणाला, तुझ्या छातीत दुखत होतं म्हणून तू गेलीस, मला कुठे दुखतंय? त्याला मी उत्तर दिलं नाही, कारण खरं होतं. माझं आवरण सुजलं नसतं तर ते शेवटचं पान छापलंच गेलं नसतं. जे इतकं दुखलं ते तीन महिन्यांत निघून गेलं, आणि ज्यानं अण्णांना नेलं ते मला शेचाळीस वर्षांत एकदाही दुखलं नाही.

कित्येक महिने तो टाळत राहिला. गणपतीत इथे आला. आरती झाल्यावर सगळे पंगतीला बसलेले, आणि दादा दाराशी उकिडवा बसून चप्पल शोधत होता. मी त्याच्या शेजारी खाली बसले, काही न बोलता त्याची टाच हातात घेतली आणि वरची शीर चाचपली. जाड होती. मग त्याचा हात धरून त्याच्याच टाचेवर ठेवला. भिंतीवरच्या फोटोकडे त्यानं बराच वेळ पाहिलं. त्याच्या चपलेचा मागचा पट्टा कापून काढलेला होता.

काल रात्री त्याचा फोन आला. उद्या सकाळी रक्त द्यायला जातोय, मुलांनाही नेतोय. उपाशी जायचं का, विचारत होता.

‘‘नको,’’ मी सांगितलं, ‘‘या तपासणीला आता बहुधा उपाशी राहावं लागत नाही. चहा घेऊन जा.’’